कुत्र्याचं डे-केअर: रील बघू नका, फरशी बघा

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. ऑफिसने आता आठवड्यातून तीन-चार दिवस यायला सांगितलंय, घरात माणूस नाही आणि कुत्रा दिवसभर एकटा. मग डे-केअरमध्ये ठेवू का? आणि ठेवायचं तर कुठलं निवडायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरेच जण गृहीत धरतात, म्हणून आधी तेच घेऊ. प्रत्येक कुत्र्याला डे-केअर लागतंच असं नाही. दीड वर्षाचा लॅब्राडॉर असेल, सोसायटीत दिसेल त्याच्यामागे शेपटी हलवत जाणारा, तर त्याला तिथे मजा येईल. पण दहा वर्षांची, सांधे दुखणारी, दुसरा कुत्रा दिसला की तुमच्या पायामागे लपणारी म्हातारी असेल, तर तिच्यासाठी वीस अनोळखी कुत्र्यांचा हॉल ही शिक्षाच आहे. तिच्यासाठी दुपारी घरी येऊन फिरवून आणणारा ओळखीचा माणूस कधीही बरा. पैसेही कमी लागतात, पण मुद्दा पैशांचा नाही.

आता समजा, तुमचा कुत्रा डे-केअरमध्ये रमणारा आहे. मग इन्स्टावरच्या रील बाजूला ठेवा. रीलमध्ये सगळेच कुत्रे हसतात. आणि गंमत म्हणजे तोंड उघडं, जीभ बाहेर, हे दर वेळी हसणं नसतंच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली धापा टाकणारा कुत्रा खूश नसतो, तो तापलेला असतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तर हे जिवावर बेततं. म्हणून दुपारी दोन वाजता जा. सकाळी दहाला सगळीच जागा छान दिसते. दोन वाजता सावली कुठे आहे, पंखे-कूलर चालू आहेत का, लाइट गेली तर काय करतात, पाण्याची भांडी भरलेली आहेत का, हे बघा. ‘दुपारी येऊ नका, कुत्रे झोपतात’ असं सांगून कोणी आत सोडायलाच तयार नसेल, तर मी तिथे ठेवणार नाही. झोपलेले कुत्रे लांबून, काचेतून दाखवता येतात की.

दुसरी गोष्ट, लस. तुम्ही फोन केल्यावर त्यांनी स्वतःहून लसीची फाइल मागितली का? नसेल मागितली, तर बाकीच्यांचीही मागितलेली नाही, एवढं साधं गणित आहे. रेबीजची लस तर हवीच. त्याशिवाय डिस्टेंपर-पार्वोची, लेप्टोची आणि केनेल कफची. केनेल कफ हवेतून पसरतो, एक खोकला की आठवड्यात अख्खा हॉल खोकतो. लस घेतल्या घेतल्या नेऊ नका, ती अंगात मुरायला वेळ लागतो. किती दिवस थांबायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. लेप्टो उंदराच्या मुतातून येतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पसरतो आणि माणसालाही होतो. त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर मागच्या अंगणात डबकी आहेत का, हेही बघायचं.

पिल्लू असेल तर जास्त सांभाळा. लसींचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, गर्दीत नेऊ नका. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, आणि फिनाइलचा वास आला म्हणजे तो मेला असं नाही. फरशी कशाने पुसता, असं सरळ विचारा. ब्लीचचं पाणी मारून दहा मिनिटं ओलं ठेवतो, असं उत्तर आलं, तर समजा यांना काम कळतं.

कागदावरच्या परवान्यांवर फार विसंबू नका. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि २०१८ मध्ये पेट शॉपचे नियम आले, पण त्यांचा भर पैदाशीवर आणि विक्रीवर आहे. तुमचा कुत्रा दिवसभर सांभाळणाऱ्याकडे बघायचं काम शेवटी तुमचंच.

आणि खरं डे-केअर म्हणजे तिथला दादा किंवा ताई. मालक नव्हे, हॉलमध्ये उभा असतो तो. त्याला कुत्र्यांची नावं येतात का? दहा-बारा कुत्र्यांमागे एक तरी माणूस हवा, आणि त्याची नजर मोबाइलमध्ये नको. छोटे आणि मोठे वेगळे ठेवतात का? माजावर आलेली कुत्री आली तर काय करतात? भांडण झालं तर कसं सोडवता, हे विचाराच. ‘आमच्याकडे भांडणं होतच नाहीत’ असं म्हणणाऱ्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात एक झालं, टाके पडले, मालकाला लगेच फोन केला’ असं सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास. जवळचा डॉक्टर कोण आणि तिथे पोचायला गाडी कुठली, हेही तेव्हाच विचारून घ्या.

पहिल्या दिवशी पूर्ण दिवस ठेवू नका. दोन-तीन तास पुरे. खेळ चांगला चाललाय हे कसं ओळखायचं? पळणारा आणि पाठलाग करणारा आलटून-पालटून बदलतात, मध्ये थांबतात, अंग झटकतात, परत सुरू करतात. एकच कुत्रा सारखा खाली पडतोय, ओठ चाटतोय, शेपटी पोटाखाली घेऊन कोपऱ्यात बसलाय, तर तो खेळ नाही. संध्याकाळी घरी आल्यावर थकून झोपला तर ठीक. पण जेवण सोडलं, जुलाब झाले, दुसऱ्या दिवशी त्या गेटपाशी पाय रोवून बसला, तर आगाऊ भरलेल्या पॅकेजचा विचार करत बसू नका. म्हणूनच सांगतो, महिन्याचं पॅकेज पहिल्या दिवशी घ्यायचंच नाही, कितीही सूट देऊ देत.

तुमच्या भागातल्या जागेत दुपारी दोनला काय दिसलं, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात गोचिडांबद्दल बोलू.