रिद्धपूरच्या आभाळातली चित्रं

फेब्रुवारी-मार्च आला की मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरकडच्या संत्रा बागायतदाराची नजर सारखी आभाळाकडे जाते. मृगाचा बहार तोडणीला आलेला, आंबियाची फुलं-फळं नुकती धरलेली. त्यात गारपीट झाली, तर एका दुपारीत दोन्ही बहार हातचे जातात. २०१४ साली विदर्भ-मराठवाड्याने ते भोगलं आहे.

त्याच आभाळातून, सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून, हवामानाचे काही उपग्रह ढगांची चित्रं सतत खाली पाठवत जातात. त्या चित्रांना कुलूप नसतं. ज्याच्याकडे अँटेना, तो ती घेऊ शकतो.

महाराष्ट्राची या विद्येशी ओळख जुनी आहे. १९६३च्या डिसेंबरात अमेरिकेने टायरॉस-८ सोडला आणि उपग्रहाचं चित्र थेट जमिनीवर उतरवण्याची सोय झाली. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय संशोधन मोहिमेचं हवामान केंद्र तेव्हा मुंबईत कुलाब्याला होतं. ही चित्रं घेणारी यंत्रणा तिथे बसली.

तेव्हा यंत्रसामग्रीने व्हायचं ते काम आज पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर करतं. अँटेनाही घरी होते: साधारण ५३ सेंटिमीटरच्या दोन सळया, मधला कोन १२० अंशांचा, की झालं. आकाशवाणीचा एफएम पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. हे उपग्रह १३७च्या आसपास बोलतात. रिद्धपूरसारख्या गावाबाहेरच्या मोकळ्या रानात क्षितिजापर्यंत आडोसा नसतो, त्यामुळे चांगला माथ्यावरून जाणारा उपग्रह दहा-बारा मिनिटं ऐकू येतो.

हो, ऐकूच येतो. नोआ-१५, १८ आणि १९ या अमेरिकी उपग्रहांचा आवाज घड्याळासारखा टिकटिकायचा. सेकंदाला चित्राच्या दोन ओळी यायच्या. आवाज मोठा तिथे ठिपका उजळ, बारीक तिथे काळपट, अशा हिशेबाने डब्ल्यूएक्सटूइमेजसारखं सॉफ्टवेअर ओळीखाली ओळ मांडत जाई. मग उपग्रहाच्या कक्षेवरून जागा काढून त्यावर किनाऱ्याच्या आणि सीमांच्या रेषा ओढी. ऐकलेल्या आठवणींतून म्हाइंभटांनी ज्या रिद्धपुरात चक्रधरस्वामींचं लीळाचरित्र सिद्ध केलं, तिथे आवाजातून चित्र उमटताना पाहणं फार मोलाचं वाटतं.

ते तिन्ही उपग्रह २०२५च्या जून ते ऑगस्टदरम्यान निवृत्त झाले. आता रशियाचे मेटिओर-एम मालिकेतले उपग्रह त्याच पट्ट्यात डिजिटल चित्रं देतात, तीही अधिक बारकाईची. सॅटडंप हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर त्यांचा संदेश सोडवतं, वाटेत बिघडलेले अंक दुरुस्त करतं आणि रंगीत चित्र समोर ठेवतं. ते अँड्रॉइड फोनवरही चालतं.

मात्र गारपिटीच्या इशाऱ्यासाठी यावर विसंबू नये. गारांचा ढग तास-दोन तासांत उभा राहतो आणि हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा माथ्यावरून जातात. त्यासाठी इन्सॅटची चित्रं, नागपूरचं डॉप्लर रडार आणि हवामान खात्याचा इशाराच पाहावा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आहे. घरच्या अँटेनाचं काम वेगळं: ढग कसा वाचायचा, ते मुलांना ती शिकवते.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. सॅटडंप कसं बसवायचं, सळया कशा लावायच्या, चित्र कसं वाचायचं, हे सांगणारी मराठी पुस्तिका तिथून निघावी, आणि मोर्शी तालुक्यातल्या शाळांनी ती हाती घेऊन पहिली अँटेना उभारावी.