औषधाचा पुरावा कोणाच्या हाती?

(दुर्गाघाट, वाराणसी येथे मराठीभाषक कॉम्रेड्सपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत इथल्या मणिकर्णिकेवर चिता विझत नव्हत्या, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला गाजीपूर व बक्सर येथे गंगेत प्रेते तरंगली, हे आपणांस सांगावयास नको. त्या दिवसांत रुग्णांना जे औषध दिले गेले ते कशाच्या आधारावर, एवढ्याच प्रश्नाविषयी मी बोलणार आहे.

प्लाझ्माचेच पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 च्या एप्रिल ते जुलै या काळात 39 रुग्णालयांतील 464 रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. निष्कर्ष स्पष्ट निघाला: आजार बळावण्याचे वा मृत्यूचे प्रमाण एका गटात 19 टक्के, दुसऱ्यात 18. लाभ नाही. ही चाचणी सार्वजनिक पैशांवर झाली आणि जगाने तिची दखल घेतली. तरीही राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा हटला तो 17 मे 2021 रोजी! तोवर दुसरी लाट शिगेला पोहोचली होती आणि माणसे प्लाझ्मासाठी दारोदार फिरत होती.

याच्या उलट उदाहरण डेक्सामेथासोनचे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील चाचणीचा निष्कर्ष 16 जून 2020 रोजी जाहीर झाला: कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात, प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ नाही. अकरा दिवसांत आपल्या आरोग्य मंत्रालयाने ते स्वीकारले. म्हणजे घाई आणि पुरावा यांचे हाडवैर नाही. साथ सुरू होताच चाचणीही सुरू झाली पाहिजे, इतकेच. हे औषध जुने, स्वस्त, कोणाच्याही पेटंटबाहेरचे. त्याच्यासाठी काळा बाजार उभा राहिला नाही. तो राहिला रेमडेसिविरचा; ज्याच्याविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने 20 नोव्हेंबर 2020 रोजीच मत दिले होते. (2022 मध्ये सौम्य आजाराच्या, पण जोखमीच्या रुग्णांसाठी ते मत बदलले. पुरावा बदलल्यावर मत बदलणे हा प्रामाणिकपणाच आहे.)

माझ्या अनुवादाच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मूळ इंग्रजीत ‘विचार करता येईल’ असे असते. तोंडोतोंडी भाषांतर होत खेड्यातल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचे ‘दिलेच पाहिजे’ होते. मग नातलग दागिने गहाण टाकतात. शिफारस सबळ की दुबळी, हे जनतेच्या भाषेत लिहिले गेले नाही तर त्या पोकळीत नफेखोर शिरतो.

म्हणून आपली मागणी भावनेची नव्हे, व्यवस्थेची असावी. सरकारी रुग्णालयांचे चाचणीजाळे साथ नसतानाही सज्ज ठेवा. मार्गदर्शिका ठरविणाऱ्यांचे औषध कंपन्यांशी असलेले संबंध जाहीर करा. निष्कर्ष हाती येताच मार्गदर्शिका किती दिवसांत बदलायची याची मुदत बांधा, आणि ती हिंदी, मराठी, बंगालीत त्याच दिवशी प्रसिद्ध करा. हाथी समितीने 1975 मध्येच औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने हटविण्याची शिफारस केली होती. तीही या मागण्यांत जोडावी, असे मी सुचवितो.