मुलांना स्टुडिओ दाखविताना

शाळेची सहल म्हटली की श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एखादे धरण, एखादा किल्ला किंवा एखादा साखर कारखाना उभा राहील. त्यांतही कारखान्याची सहल मोठी समाधानकारक. एका बाजूने उसाच्या मोळ्या आत जातात, मध्ये चरकांचा घरघराट आणि उकळत्या रसाचा वास, आणि दुसऱ्या बाजूने साखरेची पोती बाहेर पडतात. काय आत गेले आणि काय बाहेर आले हे पाचवीतल्या मुलालाही कळते. मुलांना नेणाऱ्या शिक्षकाला फारसे बोलावेही लागत नाही, यंत्रेच बोलतात.

पण काळाबरोबर सहलींची ठिकाणेही बदलली. २०२५ च्या डिसेंबरात बेळगावच्या एका शाळेतील गणिताचे एक शिक्षक आठवी-नववीची बावीस मुले घेऊन बंगळूरला गेले, ते एक ॲनिमेशन स्टुडिओ दाखविण्यासाठी. सोबतीला एक बाई होत्या, पालकांच्या सह्यांची बावीस पत्रे होती आणि प्रत्येक वेळी मोजायचा एकच आकडा होता. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये चढताना बावीस, पहाटे तोंडे धुतल्यावर बावीस, बंगळूर स्थानकाच्या जिन्यावर बावीस. अशा सहलीत शिक्षकाचे अर्धे शहाणपण मोजण्यातच खर्ची पडते, आणि ते योग्यच आहे.

हे ओझे मात्र ओळखीचे असते. दुसरे ओझे निघतानाच फलाटावर त्यांच्या खांद्यावर ठेवले गेले होते. एका मुलाचे वडील म्हणाले, "सर, हा दिवसभर मोबाईलवर चित्रं हलवीत बसतोय. एकदा तिथलं खरं काम दाखवा, म्हणजे खूळ तरी जाईल." दुसऱ्या एका मुलाच्या आईने हळूच सांगितले, "तिथं पगार काय असतोय, तेवढं विचारून या सर." एकाला मुलाचे स्वप्न मोडून हवे होते, दुसरीला ते बाजारभावाने तोलून हवे होते. सरांनी दोघांनाही "बघू या" म्हटले. खरोखर, त्या क्षणी दुसरे काय म्हणणार?

सरांनी एक गोष्ट शहाणपणाने केली होती. स्टुडिओची वेळ दुपारची होती. तेव्हा सकाळी त्यांनी मुलांना प्रथम कुमारकृपा रस्त्यावरील कर्नाटक चित्रकला परिषदेत नेले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत ज्यांनी आयुष्य वेचले त्या एम. एस. नंजुंडराव यांनी कर्नाटकातील चामड्याच्या बाहुल्यांचा मोठा संग्रह केला होता. कन्नडमध्ये या खेळाला 'तोगलु गोंबेयाट' म्हणतात; तोगलु म्हणजे कातडे. कमावून पातळ केलेल्या कातड्यावर रंग चढवून, बारीक छिद्रे पाडून केलेली ही पात्रे पडद्यामागून दिव्याच्या उजेडात धरली की रंगीत सावल्या होतात. राजा मोठा आणि सेवक लहान, असा मानाप्रमाणे त्यांचा आकारही बदलतो. मुलांना हे फार परके वाटले नाही. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून कुडाळकडे गेले की पिंगुळी लागते. तेथील ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्याही नाचवितात आणि चित्रकथीच्या पोथीतील एकेक चित्र पुढे ठेवीत रामायण-महाभारतातील आख्यानेही सांगतात. चित्राला गोष्ट सांगायला लावण्याची विद्या परदेशातून संगणकाबरोबर आली नाही, एवढे मुलांच्या मनात शिरले म्हणजे पुढचे पाहणे सोपे जाते, असा सरांचा हिशेब होता.

मग मॅजेस्टिकहून व्हाइटफील्डकडे जाणारी मेट्रो. मेट्रोची दारे कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून मुलांच्या दोन तुकड्या, प्रत्येक तुकडीत शेवटी मोठे माणूस. आणि एखादा मागे राहिलाच तर त्याने तिथेच उभे राहायचे, पुढच्या गाडीत चढायचे नाही. ज्यांना कधी परक्या शहरात मुले न्यावी लागतील त्यांनी हा नियम अवश्य उचलावा.

स्टुडिओच्या दारातच मुलांचा पहिला हिरमोड झाला. सर्वांचे मोबाईल एका पेटीत जमा झाले. सरांचा मोबाईल परत मिळाला, पण कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून. आत जे चित्रपट घडत असतात ते अद्याप जगासमोर आलेले नसतात, आणि त्यांतील एक चित्रही बाहेर जाऊ न देण्याचा करार स्टुडिओने केलेला असतो. पाहुण्यांना दाखवायचे ते प्रदर्शित झालेले जुने काम. दुसरा हिरमोड आतल्या दालनात झाला. मंद उजेड, पडदे लावलेल्या खिडक्या, संगणकांपुढे रांगेने बसलेली तरुण माणसे, आणि शांतता. ना चरक, ना रस, ना पोती. एका मुलाने न राहवून विचारले, "सर, काम कधी सुरू होणार?"

त्यांना दालन दाखविणारा तरुण सांगलीकडचा निघाला. तो मराठीत बोलू लागताच मुलांचे चेहरे उजळले. त्याने प्रथम कामाची उतरंड समजावून दिली. एकजण कथेची लहान लहान चित्रे क्रमाने मांडतो. दुसरा संगणकात पात्राचा पुतळा घडवितो. तिसरा त्या पुतळ्याच्या आत वाकणारा, वळणारा सांगाडा बसवितो. चौथा त्याला हालचाल देतो. पाचवा प्रकाश लावतो. आणि मग त्या प्रकाशाचे गणित करीत यंत्रे एकेका चित्रामागे कधी कधी तासन् तास झिजतात. अशी चोवीस चित्रे झाली की पडद्यावरचा एक सेकंद होतो. हालचाल देणारा कलावंत चांगल्या दर्जाच्या चित्रपटासाठी आठवड्याला जेमतेम तीन-चार सेकंदांचे काम पुरे करतो.

येथे गणिताच्या सरांना राहवले नाही. त्यांनी मुलांना तिथल्या तिथे उदाहरण घातले. शाळेची एक तासिका पस्तीस मिनिटांची. तेवढे चित्र एकट्याने, आठवड्याला तीन सेकंद या वेगाने करायचे तर किती काळ लागेल? मुलांनी बोटे मोजून सांगितले, ७०० आठवडे. म्हणजे तेरा वर्षांहून अधिक. त्यावर थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही. घराघरांत मुले जे पाहता पाहता जेवतात, त्याच्या एका घासाची ही किंमत.

मग त्या तरुणाने एक गंमत केली. "तुमच्या सरांना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू द्या," तो म्हणाला, "आणि तुम्ही फक्त बघा." सरांचा उजवा गुडघा दुखरा आहे हे साऱ्या शाळेला ठाऊक. सर चालले. पहिल्या उत्तरात मुलांनी एवढेच सांगितले की सर लंगडतात. "ते मलाही दिसलं. पण लंगडताना काय काय होतं?" पुन्हा चालणे झाले. तेव्हा सहलभर फारशी न बोललेली, मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर उजवा पाय टाकायच्या आधी डावा खांदा खाली जातो. आणि हात मागंच राहतोय." त्या तरुणाने तिच्याकडे निरखून पाहिले आणि सांगितले की ही कला बहुतेक एवढीच आहे. संगणक शिकायला काही महिने पुरतात. खांदा दिसायला वर्षे लागतात. मोबाईलवर चित्रे हलविणारा तो मुलगा मात्र या वेळी पडद्यावर कोणती आज्ञावली उघडी आहे ते वाचीत होता. त्यालाही दोष देता येत नाही; त्या वयात हत्याराचे आकर्षण कामाच्या आधी येते.

आपल्याकडे या विद्येचा आरंभ झाला तेव्हा ही सगळी उतरंड एकाच माणसाच्या हातात होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतला वाटाणा रुजताना, वाढताना एकेक चित्र घेत टिपला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली; त्यात आगपेटीतल्या काड्या जरा जरा सरकवून, प्रत्येक वेळी चित्र घेऊन, त्या आपण होऊन चालतात असे दाखविले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग निघाला, तेव्हा डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तेथील तरुणांना शिकवायला आले. राम मोहन हे त्यांच्या हाताखालून निघालेले. बंगळूरचे प्रकरण त्याहून निराळे. येथे संगणक आला, त्यामागून परदेशी चित्रपटांचे काम आले, आणि २०१२ मध्ये कर्नाटक सरकारने या व्यवसायासाठी स्वतंत्र धोरणही आखले. 'पुस इन बूट्स' या २०११ च्या चित्रपटाचे काही काम आणि त्याच मांजराचा २०१२ चा लघुपट बंगळूरच्या कलावंतांच्या हातून झाला, हे मुलांना सांगितल्यावर त्यांना केवढा अभिमान वाटला! त्यांनी ते मांजर पाहिले होते. शेवटची नावे कुणीच वाचली नव्हती.

परंतु मांजर बंगळूरला चालले, तरी त्याची गोष्ट बंगळूरची नव्हती. ती दुसऱ्या खंडात लिहिली गेली, पैसा तिथला आणि निर्णयही तिथला. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतही सूत कुणाचे आणि गिऱ्हाईक कुणाचे हा प्रश्न होताच. मात्र ज्याचा निर्णय दूर होतो ते काम एका सकाळी थांबू शकते, आणि तसे झालेही. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही जुनी आंतरराष्ट्रीय कंपनी पैशाअभावी कोसळली, आणि तिची बंगळूर-मुंबईची कामे बंद पडून हजारो कलावंत एकाएकी घरी बसले. काम वाईट झाले होते असे कुणी म्हटले नाही.

हे मुलांना सांगावे की नाही, हा सरांपुढचा खरा पेच. सहल आनंदाची, पोरे चौदा वर्षांची. न सांगावे तर पगार विचारणाऱ्या आईची फसवणूक होते. सांगावे तर खूळ घालवू पाहणाऱ्या वडिलांचे काम आयतेच होते. सरांनी ते चहाच्या वेळी त्या सांगलीच्या तरुणालाच सर्वांसमक्ष विचारले. त्याने लपविले नाही. आपलीही आधीची नोकरी अशीच गेली होती, पाच महिने घरी होतो, पुन्हा हे काम मिळाले, असे त्याने सांगितले. नवशिक्यांचा पगार बेताचा असतो हेही सांगितले. आणि निघताना प्रत्येकाला एकच अभ्यास दिला: वहीच्या कोपऱ्यात चोवीस चित्रांत एक चेंडू जमिनीवर पडून उसळू द्या. पहिल्यांदा रबरी, दुसऱ्यांदा लोखंडी. चेंडूवर नाव लिहायचे नाही. पाहणाऱ्याला वजन कळले पाहिजे.

परतीच्या फलाटावर पुन्हा बावीस भरले. आईला पगाराचा आकडा सांगितला गेला, वडिलांना सरांनी म्हटले, "खूळ आहे की नाही, ते चेंडूवरून कळेल. पंधरा दिवस थांबा."

पंधरा दिवसांनी सात वह्या आल्या. मोबाईलवाल्या मुलाची आली नाही. त्याने तेच काम एका तयार ॲपवर दोन मिनिटांत करून आणले होते आणि त्याचा चेंडू दोन्ही वेळा सारखाच उसळत होता. त्या गप्प मुलीने तीन चेंडू आणले होते. तिसरा ओल्या मातीचा होता. तो पडला आणि पुन्हा उठला नाही.

त्या मुलीचे वडील निघताना फलाटावर सरांशी बोललेच नव्हते. गाडी परत किती वाजता येते एवढेच त्यांनी बाईंना विचारले होते. वडगावात त्यांचे यंत्रमाग आहेत. एका रविवारी सर वही घेऊन त्यांच्या घरी गेले. मागाच्या खडखडाटात बोलणे ऐकू येईना, म्हणून त्यांनी माग थांबविला. सरांनी वही पुढे केली आणि बोलण्याआधीच स्टुडिओ बंद पडल्याची हकीकतही सांगून टाकली. उद्या कुणी 'सर बोलले नाहीत' असे म्हणायला नको.

वडिलांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "माग काय बंद पडत नाहीत होय, सर?" आणि अंगावरच्या टॉवेलाला हात पुसून त्यांनी वही उघडली.