गारदी आणि पंक्चरवाला

पानिपतला काला आंबचं स्मारक पाहून परतताना आमची गाडी पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या टपरीतल्या मुसलमान पोरानं भर उन्हात चाक काढलं, जोडलं, बसवलं. गाडी सुटताच मागून कुणीतरी म्हणालं, "यांना दुसरं येतंय काय? सगळे पंक्चरवाले!" सगळे हसले. मीही हसलो. फौजेत अशाच हातांच्या भरवशावर मी रात्री-बेरात्री गाड्या बाहेर काढल्या, हे दिल्ली जवळ आल्यावर आठवलं.

मराठीतही असा एक शब्द आहे, गारदी. म्हणजे कवायती शिपाई. १४ जानेवारी १७६१ रोजी, ज्या मैदानावरून आम्ही परतत होतो तिथेच, इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांच्या बाजूनं लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. पुढे १७७३ मध्ये गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि पेशाचं नाव शिवी झालं. त्या मारेकऱ्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. तरी 'गारदी' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लहानपणापासून दाढीवालाच यायचा!

गाडीत वयानं मीच मोठा होतो. तिथे बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून आज इथे बोलतोय.