पाट्याचा कोयता



मांडवगण फराट्याच्या बाजूला ऊसतोड सुरू झाली की कोयत्याला विसावा नसतो. तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी टनावर, तेव्हा हत्यार मोडले की रोज बुडाला. म्हणून जाणते लोक पाट्याचाच कोयता मागतात. पाटा म्हणजे ट्रकच्या चाकावरची कमान. तिच्या पोलादात शेकडा अर्धा-पाऊण भाग कार्बन आणि थोडे सिलिकॉन-मँगनीज असते.

लवचीक म्हणजे मऊ, हा समज मात्र आम्हाला मान्य नाही. शिशाची पट्टी वाकवा, ती वाकलेलीच राहील. लवचीक धातू वाकून पुन्हा सरळ होतो, आणि त्याला तो बळकटच लागतो. धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरले की बाक कायमचा पडतो. परके अणू मिसळून ही घसरण अडवायची, हे मिश्रधातूचे मुख्य काम. मात्र ती पुरती बंद केली तर धातू काचेसारखा तडकतो. खरा झगडा आहे तो इथे.

लोहार तो दोन तावांत मिटवितो. लालभडक पाते पाण्यात किंवा तेलात विझवले की कार्बन लोखंडात कोंडला जातो. पाते कठीण होते, पण ठिसूळही. मग ते घासून उजळायचे आणि बेताने पुन्हा तापवायचे. सुमारे २३० अंशांना गवती पिवळा रंग चढतो, पुढे जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. कोंडलेला कार्बन बारीक कणांनी सुटतो, थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. धारेसाठी अलीकडे थांबायचे, कमानीसाठी निळ्याच्याही पुढे जायचे. घाईत हा दुसरा ताव चुकवला तर घाव बसताच टवका उडतो, आणि तो डोळ्यातही जाऊ शकतो. तुटका पाटा घेतानाही बारीक चिरा पाहून तेवढा भाग टाकून द्यावा.

निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूवर अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९ च्या सुमारास काम सुरू केले. चांगले कमानी पोलाद शेकडा एकाच्या आसपास ताणूनच परत येते. ही तार शेकडा आठपर्यंत! ताणाखाली तिच्यातील अणूंची मांडणीच बदलते आणि ताण सुटताच पूर्ववत होते. वेडेवाकडे दात ओढून सरळ करणारी तार हीच. किंमत पाहता कोयत्याचे काम तूर्त पाट्याकडेच राहील.