शहर आपल्या वेशीशी येते तेव्हा

सापगाव हे शहापूरजवळचे, भातसा नदीच्या काठचे गाव. अलीकडे आसनगाव आहे, पलीकडे मुरबाडची वाट. या टापूतला शेतकरी पूर्वी मुंबई म्हटली की ‘लांबची’ म्हणायचा. आज रस्त्याच्या कडेला, जिथे काल भाताची खाचरे होती, तिथे प्लॉट पाडल्याच्या खुणा उभ्या आहेत. शहर आपल्याकडे कसे आले, का आले, आणि आल्यावर आपण काय करावे, एवढ्या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

पहिली गोष्ट, हे सारे आगगाडीने केले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५४ साली ती कल्याणला आली, आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोचली. त्या काळी या वाटेने माणसांबरोबर मालाचीही ने-आण होई. पुढे १९२५ पासून विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि माणसांची रोजची ने-आण सोपी झाली. महिन्याचा पास खिशात असला की घर एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे, असा संसार मांडता येतो. म्हणून उपनगरे वर्तुळासारखी सगळीकडे सारखी पसरली नाहीत. ती रुळांच्या कडेने, मण्यांच्या माळेसारखी वाढली. ठाणे, डोंबिवली, कल्याण हे अलीकडचे मणी. टिटवाळा, वासिंद, आसनगाव हे पुढचे.

दुसरे कारण जागेचे. मुंबई हे मुळात बेट. तीन बाजूंना समुद्र, तेव्हा वाढायला दिशा एकच, ती उत्तरेची. त्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. गरीब भाडेकऱ्याला त्याने आधार दिला हे खरे. पण भाडे जागच्या जागी गोठल्यामुळे भाड्याच्या चाळी नव्याने बांधण्यात मालकाला रस उरला नाही. मग राहिले काय? विकत घेण्याचे घर. ते मुंबईत परवडेना, म्हणून माणूस एकेक स्टेशन मागे सरकत गेला. त्याच सुमारास फाळणीचा लोंढा आला. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची सोय झाली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. पुढे कारखाने ठाणे, डोंबिवली, अंबरनाथकडे वळले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावत गेली, आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबेही याच वाटेने बाहेर पडली.

आकडे काय सांगतात तेही पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे जुन्या बेटाची, वस्ती ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची वस्ती ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. (पालघर जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, तो २०१४ साली झाला.) म्हणजे बेटावर माणूस मावेनासा झाला आणि ठाण्याच्या शेतात घरे उगवली. आता समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून गेला आहे. रस्ता आला की जमिनीचा भाव त्याच्या आधी धावत येतो, हे तुम्हांला मी सांगायला नको.

कोणी म्हणेल, यात वाईट काय? वाईट सगळेच नाही. आपली भेंडी, काकडी, दूध यांना गिऱ्हाईक जवळ आले. मुलामुलींना कॉलेज जवळ आले. घर न सोडता कारखान्यात, दुकानात काम मिळू लागले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण हिशेबाची दुसरी बाजू पाण्यापासून सुरू होते. तानसा धरण १८९२ सालचे. पुढे भातसा झाले. आज मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे आहे. आणि याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाशी आणि कोरड घशाला, अशी ही गत. आता शहराची माणसेही इथेच राहायला आली, तर तीही याच विहिरींत आणि बोअरमध्ये वाटेकरी होणार. नगरपालिकेजवळ मोरी-गटारांची, कचऱ्याची यंत्रणा तरी असते. ग्रामपंचायतीजवळ ती नसते. इमारती येतात, पण सांडपाणी शेवटी ओढ्यातच जाते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. समजा, एका शेतकऱ्याने सगळी जमीन विकली. पैसा मोठा दिसतो. त्यात घर झाले, लग्न झाले, गाडी झाली. उरले ते पाच-सात वर्षांत संपले. मग त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत त्याचा मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहतो. जमीन दर वर्षी देते, पैसा एकदाच देतो, हा फरक सौदा करण्याआधी ध्यानात घेतला पाहिजे.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. विकायचीच वेळ आली तर सगळी जमीन विकू नका; विहिरीजवळचा तुकडा तरी राखा. सातबारा स्वतः वाचा, आणि वाचता येत नसेल तर मास्तरांकडून वाचून घ्या. बहिणींचाही वडिलोपार्जित जमिनीत हक्क आहे. त्यांना वगळून केलेला व्यवहार पुढे कोर्टात नेतो. आदिवासी बांधवांची जमीन सरकारच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही, हे त्यांना कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे. आणि वसाहतीचा विषय ग्रामसभेत निघाला की पहिला प्रश्न हाच विचारा : पाणी कुठून आणणार आणि सांडपाणी कुठे सोडणार?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. भूगोलाच्या तासाला मुलांकडून आपल्याच गावाचा नकाशा काढून घ्या. विहिरी, ओढे, गायरान, पायवाटा त्यात दाखवा. दर महिन्याला विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल गेले ते मोजा आणि वहीत तारीखवार लिहा. खर्च काहीच नाही. पण उद्या कोणी म्हणाले, ‘इथे पाणी मुबलक आहे’, तर तुमच्या शाळेची वही खरे काय ते सांगेल. आणि ओढा बुजवायला कोणी आला, तर तो कुठून वाहत होता हे दाखवायला नकाशा असेल.

शहराला आपण थांबवू शकत नाही. पण पाहुणा घरात येताना यजमानाने जागे असावे, एवढे तर आपल्या हातात आहे.