दंडावरचा व्रण आणि घरातला खोकला
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी क्षयरोगाचा विषय काढते म्हणून रागावू नका. आपल्यापैकी कोणाच्या घरी पाळणा हलतो आहे, तर कोणाची लेक तान्ह्याला घेऊन परदेशाहून माहेरी यायची आहे. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

बी.सी.जी. ही क्षयाची लस. कॅलमेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १३ वर्षे खपून ती तयार केली आणि १९२१ साली पॅरिसमध्ये ती प्रथम एका अर्भकाला देण्यात आली. आपल्या देशात ती १९४८ पासून टोचली जाते. बाळ जन्मले की होईल तितक्या लवकर, आणि राहून गेलीच तर पहिल्या वाढदिवसापूर्वी, ती डाव्या दंडावर टोचून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तिला पैसे पडत नाहीत. लस जिवंत पण दुबळ्या जंतूंची असते. म्हणून बाळाची प्रतिकारशक्ती कमी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

काही आठवड्यांनी तेथे लहानशी पुळी येते, फुटते आणि व्रण राहतो. घाबरू नये. हळद, तेल, मलम काही लावू नये. जागा स्वच्छ ठेवावी, आपोआप भरते. व्रण उठला नाही तरी पुन्हा टोचण्याची गरज नसते.

आता परदेशातल्या नातवंडांविषयी. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना सरसकट टोचणे २००५ साली बंद झाले. ज्या बाळाचे आईवडील किंवा आजीआजोबा क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मले, त्याला मात्र तेथे लस देतात. म्हणजे आपली नातवंडे त्यात आलीच! सोळा वर्षांखालचे मूल अशा देशात तीन महिन्यांहून अधिक राहायला निघाले, तरी लस घेण्यास सांगतात. सहा वर्षांपासून पुढच्या मुलांची आधी त्वचेवर चाचणी करतात. तेव्हा चौकशी तिकीट काढतानाच करावी. अमेरिकेत तर ही लस सरसकट देतच नाहीत. लेकीला फोनवर "कधी येतेस?" विचाराल, तेव्हा "बाळाला बी.सी.जी. टोचली का?" हेही विचारा.

पण भगिनींनो, लस टोचली म्हणजे सारे झाले असे नाही. मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय या बालकांच्या जीवघेण्या प्रकारांपासून ती चांगले रक्षण करते. मोठ्यांच्या फुप्फुसांच्या क्षयाला मात्र तिचा भरवसा नाही. चिंगलपट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत हेच दिसून आले.

आणि तान्ह्याला क्षय येतो तो बहुधा मोठ्या माणसाच्या खोकल्यातूनच. ते माणूस पुष्कळदा घरातलेच असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, मग तो सासूबाईंचा असो, मामंजींचा असो की आपला स्वतःचा, थुंकी तपासून घ्यावी. औषध सरकारकडून मोफत मिळते. ते साधारण सहा महिने न चुकता घेतले, की बहुतेक रोगी बरे होतात.

"लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल" म्हणून आपण खोकला झाकतो. झाकलेला खोकला पाळण्यापर्यंत पोहोचतो, हे ध्यानात असू द्या. शेजारणीच्या घरी हा रोग निघाला तर तिच्याकडचे जाणेयेणे तोडू नका; तिला दवाखान्यात सोबत करा. आपल्या मंडळाने नव्या वर्षात एवढे केले तरी पुष्कळ झाले.